कापसाचा जिल्हा, सुईचा इतिहास

मराठवाड्यातल्या कापडाचा इतिहास सांगायला कुणी बसलं की पहिलं नाव पैठणचं येतं आणि दुसरं औरंगाबादच्या हिमरूचं. पैठणीच्या पदरावरचे मोर आणि हिमरूची वेलबुट्टी दरबारांनी पोसली, प्रवाशांनी लिहून ठेवली, संग्रहालयांनी जपली. त्याच गोदावरीच्या काठाने खाली उतरलं की पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा हे तालुके लागतात. यांच्या नावाची साडी नाही आणि शालही नाही. त्यामुळे कापडाच्या इतिहासात परभणी जिल्ह्याला कुणी फारसं विचारत नाही, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे. कापूस पिकवणारा, अंगावरचा कपडा शिवणारा, फाटला की पुन्हा जोडणारा असा हा मुलूख. त्याची कथा मागावर शोधली तर थोडीच हाती लागते. सुईदोऱ्याच्या वाटेने गेलं तर साडेसातशे वर्षं मागे जाता येतं.

गोदावरीच्या खोऱ्यात सूत त्याहूनही फार जुनं आहे. नेवासे इथल्या उत्खननात ताम्रपाषाण काळातली तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, आणि ती ज्या दोऱ्यात ओवली होती त्याचे तंतू आजही ओळखू येण्याजोगे टिकले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये दख्खनच्या दोन बाजारपेठांची नावं आहेत: पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर. पैठणहून मौल्यवान दगड भडोचच्या बंदरात जात आणि तेरहून कापड, त्यात जाडंभरडंही आणि तलम मलमलही. या दोन पेठांच्या मागे पसरलेली काळी जमीन कापसाचीच होती.

त्या जमिनीत पिकणाऱ्या देशी कापसाला अलीकडच्या काळात गावरानी म्हणत. मुळं खोल जाणारी, बोंड लहान, पाऊस लांबला तरी तग धरणारं झाड. देशी जातींत नांदेड-परभणीची गावरानी आणि वऱ्हाडाकडची बनी यांचा तंतू सरस मानला जाई. घरोघरी चरकीवर सरकी वेगळी काढायची. मग पिंजारी दारात यायचा. ओसरीवर बसून धनुकलीच्या ताणलेल्या तातीवर लाकडी ठोका हाणला की तात घुमायची आणि कापूस तंतूतंतूने मोकळा होऊन वर उडायचा. त्याचे पेळू वळायचे, बायकांनी सूत कातायचं, साळ्याने, कोष्ट्याने किंवा मोमिनाने ते विणायचं. लाल रंग हवा तर रंगाऱ्याकडे आणि निळा हवा तर निराळ्याकडे. गावगाड्याच्या जुन्या याद्यांत अठरा अलुतेदार मोजले आहेत आणि त्यांत साळी, घोंगडी विणणारा सनगर आणि शिंपी हे तिघेही आहेत. कापडाचा असा पुरा कारभार दहा-वीस कोसांच्या आत उरकत असे.

शिंप्याला काम तरी किती असेल, असा प्रश्न इथे पडतो. बाईचं लुगडं, पुरुषाचं धोतर, पटका, उपरणं, घोंगडी, सगळं मागावरून उतरलं तसंच अंगावर यायचं. शिवायचं काय? पण शिवलेल्या वस्तूंची यादी करू लागलं की ती लांबत जाते. खणाच्या चोळ्या, पुरुषांच्या बंड्या आणि बाराबंद्या, तान्ह्या बाळाचं कुंचडं, झबलं आणि टोपडं, नवरदेवाचा अंगरखा, पोळ्याला बैलांच्या पाठीवर घालायच्या झुली, घोड्याचं खोगीर, लष्कराच्या राहुट्या, यात्रेतली पालं, देवाचा पोशाख. रोजच्या अंगावर विणकर होता. बारसं, लग्न, सण आणि स्वारी आली की शिंप्याची गरज पडायची. तो गज, कात्री आणि सुई घेऊन गिऱ्हाइकाच्या ओसरीवर बसे आणि कापड डोळ्यांदेखत बेते. कापलेला तुकडासुद्धा घरधन्याच्याच मालकीचा.

या शिंप्यांच्या घरात संत नामदेव जन्मले. वडील दामाशेटी, आई गोणाई, जन्म 1270 सालचा. जन्मगाव नरसी-बामणी. पंढरपूरचा दावा सांगणारेही अभ्यासक आहेत, पण नरसीची परंपरा पक्की आहे आणि गावाच्या नावातच आता नामदेव आहेत. आज नरसी हिंगोली जिल्ह्यात येतं. हिंगोली 1 मे 1999 रोजी वेगळा जिल्हा झाला. त्याआधी नरसीही परभणीत होतं आणि औंढा नागनाथही.

नामदेवांचं चरित्र सांगताना त्यांची भक्ती सांगितली जाते, कीर्तन सांगितलं जातं, उत्तरेची यात्रा सांगितली जाते. त्यांच्या हातातली कात्री मात्र जातीच्या उल्लेखापुरतीच उरते. शीख धर्मग्रंथ गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची 61 पदं आहेत आणि त्यांतल्या एका पदात शिंप्याची अवजारं थेट देवाच्या कामाला लावलेली आहेत. मन आणि जीभ हीच मापाची आणि कापायची साधनं होतात, शिवणं आणि रंगवणं हीच उपासना होते. ज्याने आयुष्यात कापडाला गज लावलेला नाही त्याला हे सुचणं कठीण. पंजाबात त्यांना मानणारे लोक कापड छापणाऱ्या आणि शिवणाऱ्या जमातींतले आहेत, आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांचं मोठं स्थान आहे. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं.

मध्ययुगातले किती तरी संत कापडाच्या धंद्यातले होते. काशीचे कबीर विणकर, राजस्थानातले दादू परंपरेने पिंजारी. पण नामदेव त्यांच्या आधीचे. सातवाहन काळापासून पैठणच्या मागावर बसलेल्या एकाही विणकराचं नाव सामान्य मराठी माणसाला ठाऊक नाही. गोदावरीच्या उत्तरेकडचा हा एक शिंपी मात्र साडेसातशे वर्षं घराघरांत नावाने ओळखला जातो. ज्या काळात हातांनी काम करणाऱ्यांची नोंद कुणी ठेवत नव्हतं, त्या काळात एका कारागिराने आपल्या कामाची नोंद स्वतःच ठेवली. मराठी मुलखातल्या हस्तकलांच्या इतिहासाचं पहिलं पान इथे उघडायला हवं.

नंतरची पाच-सहाशे वर्षं या धंद्यांची घडी फारशी मोडली नाही. राज्यं बदलली, देवगिरीचे यादव जाऊन बहामनी, निजामशाही, मुघल आणि शेवटी हैदराबादचे निजाम आले, पण ओसरीवरची कात्री तीच राहिली. घडी मोडली ती सातासमुद्रापार झालेल्या लढाईने.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामांच्या कष्टावर पिकणारा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांकडे जायचा, तो नाकेबंदीत अडकला. गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत कापसावर पैशाचा पूर आला, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच अनेक सावकार आणि बँका बुडाल्या. वऱ्हाड 1853 पासूनच इंग्रजांच्या ताब्यात होतं. 1870 मध्ये खामगावच्या कापूसपेठेसाठी खास रेल्वेचा फाटा झाला. शेजारचा परभणीचा मुलूख निजामाच्या हद्दीत. तिथे रूळ यायला आणखी तीस वर्षं गेली. 1900 च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानकं झाली. रुळांच्या कडेने जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. सेलू आणि मानवत आजही कापसाच्या पेठा म्हणून ओळखल्या जातात, त्याचं मूळ त्या रुळांत आहे.

रेल्वेने काय केलं ते नीट पाहायला हवं, कारण सगळ्यांचं नुकसान सारखं झालं नाही. कापूस गाठींत बांधून निघून गेला आणि गिरणीचं कापड त्याच गाडीने परत आलं. घरात सूत कातणाऱ्या बायकांचं काम सर्वांत आधी बसलं. त्यांची कुणी गणती केली नाही की कुणी दाद घेतली नाही. साळ्याने गिरणीचं सूत विकत घेऊन काही वर्षं तग धरला. पिंजाऱ्याकडे गाद्या आणि रजया भरण्याचं काम उरलं. रंगारी आणि निराळी यांच्यावरचा घाव थेट जर्मनीतून आला. काळ्या जमिनीत तीन-तीन वर्षं वाढवून, खोल खणून काढलेल्या आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून दख्खनचा लाल रंग व्हायचा. 1868 मध्ये रसायनशास्त्रज्ञांना तसाच तांबडा रंग प्रयोगशाळेत करता आला आणि पुढच्या काही वर्षांत आलीची शेती उठली. 1897 पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली. गावातला रंग गेला.

शिंप्याचं मात्र काम वाढलं. कापड स्वस्त झालं तसं शिवून घालणं सामान्यांच्या आवाक्यात आलं. बंडीच्या जागी पैरण आली, पोरांना सदरा-चड्डी आली, चोळीच्या जागी पोलकं आलं. गिरणीने विणकराला मारलं आणि शिंप्याला जगवलं. हे परभणीपुरतंच खरं आहे असं नाही, पण ज्या जिल्ह्यात नावाजलेला माग नव्हता तिथे ते लख्ख दिसतं.

अमेरिकेतल्या त्या युद्धाचा परभणीशी आणखी एक धागा जुळतो. अलाबामा राज्यात अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथले कृष्णवर्णीय लोक कापसाच्या मळ्यावरच्या गुलामांचे वंशज. युद्धानंतर गुलामी गेली, जमीन मात्र मिळाली नाही. वाट्याने कापूसच पिकवत राहिले. तिथल्या बायका फाटक्या कामाच्या कपड्यांचे तुकडे जोडून पांघरुणं शिवत. थंडीत लाकडी घरांतून वारा आत येई म्हणून शिवत. 1966 मध्ये नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात त्यांनी फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था काढली. 2002 मध्ये ही पांघरुणं ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर चित्रांसारखी टांगली गेली, आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवरही आली.

परभणीच्या कोणत्याही खेड्यातल्या आजीला ते पांघरूण दाखवलं तर ती एवढंच म्हणेल की ही गोधडी आहे.

गोधडी शिवायचा हंगाम उन्हाळा. रब्बीची रास घरात आली, रानातली कामं सरली आणि पावसाला अजून अवकाश आहे, अशा दिवसांत अंगण सारवून घ्यायचं. वर्षभर गाठोड्यात बांधून ठेवलेली धडुती बाहेर काढायची. सगळ्यांत खाली आणि सगळ्यांत वर घालायला त्यातल्या त्यात धडकी लुगडी वेगळी काढायची. विरलेली, फाटलेली मधल्या थरात जातात. धोतराचे अर्धे पन्हे, पोरांचे सदरे, उसवून सपाट केलेल्या बाह्या, सगळं सुरकुती न राहता अंथरायचं. कोपऱ्यांवर दगड किंवा वरवंटा ठेवायचा, म्हणजे वाऱ्याने कापड हलत नाही. मोठ्या टाक्यांनी आधी टाचून घ्यायचं. मग चार बाजूंना चौघी बसतात आणि कडेने धावदोरा सुरू होतो. एक चौकोन पुरा झाला की त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, त्याच्या आत तिसरा, असं करत टाका मध्यापर्यंत येतो. बाहेरून आत जायचं कारण साधं आहे: कापड कडेला आधी बसलं की मधे फुगा येत नाही. ओळी सरळ आल्या का, टाके सारखे पडले का, हे शेजारीण लगेच सांगते. कुणाचा हात बारीक आणि कुणाचा जाड, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. लेक बाळंतपणाला आली असेल तर उरलेल्या मऊ तुकड्यांचं दुपटं होतं. बाळाला नव्या कापडाचा खरखरीतपणा सोसत नाही; म्हणून पहिलं पांघरूण आजीच्या लुगड्याचं.

जगात हे काम ठिकठिकाणी झालं आहे. बंगालमध्ये जुन्या साड्यांच्या थरांवर धावदोऱ्यानेच कांथा शिवतात, आणि पूर्वी नक्षीसाठी लागणारा रंगीत दोरा साडीच्या काठातून ओढून काढत. जसीमुद्दीन यांनी 1929 मध्ये एका खेडुत बाईच्या अशाच कांथ्यावर दीर्घकाव्य लिहिलं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे वंशज, कवंडी शिवतात. त्यांचाही टाका कडेकडून मध्याकडे येतो, आणि कवंडी उपाशी राहू नये म्हणून शेवटच्या ठिगळाखाली तांदळाचे दाणे ठेवतात. जपानच्या उत्तरेला आओमोरीकडे थंडी इतकी की कापूस उगवतच नाही. तिथे दक्षिणेकडून जहाजांनी आलेल्या जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्याही मोलाच्या होत्या, आणि एकावर एक ठिगळं लावत तीन-तीन पिढ्यांनी एकच अंगरखा वापरला. आज जपानी लोक त्या चिंध्यांना ‘बोरो’ म्हणून संग्रहालयात ठेवतात.

आओमोरीत कापूस नव्हता म्हणून ठिगळं लावली गेली. परभणीत आणि जीज बेंडमध्ये कापूस दारापुढे ढिगाने पडला होता, तरीही ठिगळंच लागली. पिकवणाऱ्याच्या अंगावर पुरेसं कापड का आलं नाही, याचं उत्तर बाजारभावात, सावकारीत आणि जमिनीच्या वाटणीत आहे. गोधडीची वाखाणणी करताना ते विसरता कामा नये. कला म्हणून ती सुंदर आहेच. तिच्या मधल्या थरात मात्र कापूस पिकवणाऱ्यांची गरिबी शिवलेली आहे.

सुईची दुसरी शाळा जिंतूर आणि गंगाखेडच्या डोंगराळ भागातल्या तांड्यांवर भरते. बंजारा समाज गोरबोली बोलतो आणि आपलं मूळ राजस्थानाकडचं सांगतो. बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ, कापूस लादून मुलूखभर फिरणं हा त्यांचा धंदा. 1632 मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तर हिंदुस्थानात 14,000 बैलांचा एक तांडा भेटला होता. दख्खनच्या बंजाऱ्यांवर 1819 मध्ये जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने स्वतंत्र लेखच लिहिला, कारण सैन्य कुणाचंही असलं तरी त्याचं धान्य हेच लोक पोचवत.

सतत चालणाऱ्या माणसांना भिंती नसतात. त्यामुळे त्यांची सगळी कला अंगावर आणि बैलावर आली. बाईचा घेरदार फेटिया, पाठीशी बंद बांधायची कांचळी, डोक्यावरची ओढणी, पाण्याच्या हंड्याखालची चुंबळ, पैशाची कोथळी, नायकाच्या बैलाची झूल, या सगळ्यावर भरतकाम. जाड्याभरड्या लाल-निळ्या कापडावर चौकडीत बसवलेले घट्ट टाके, काचेच्या टिकल्या, शिवून टाकलेली नाणी आणि कवड्या. त्या कवड्या मालदीवच्या समुद्रातून येत आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत हिंदुस्थानात सुट्या पैशासारख्या चालत. म्हणजे तांड्यावरच्या बाईने शिवलेल्या कांचळीत तिची पुंजीही असे आणि तिच्या लोकांचा व्यापारही दिसे. टाके इतके दाट घालायचे की कापड विरलं तरी भरतकाम उभं राहावं. जुन्या फेटियाचा घेर फाटला की कंबरपट्टीचं भरतकाम काढून नव्या कापडावर चढवलं जाई.

रेल्वेने विणकराचा बाजार मोडला तसा बंजाऱ्यांचा वाहतुकीचा धंदाही मोडला. इंग्रज हद्दीत 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला, आणि फिरणारा प्रत्येक माणूस संशयित ठरला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. तांडे स्थिरावले, लोक शेतमजुरीला आणि ऊसतोडीला लागले. ऊस तोडायला जाताना घेरदार फेटिया अडतो, काचा टोचतात. साडी सोयीची. आता पूर्ण वेश म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर किंवा तीज आणि लग्नात दिसतो. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि 2023 मध्ये हंपीला जी-20 ची बैठक झाली तेव्हा लंबाणी बायकांनी केलेल्या सतराशेहून अधिक वस्तू एकत्र मांडून विक्रमही नोंदवला गेला. तीच सुई, तेच टाके मराठवाड्यातल्या तांड्यांवरही आहेत. त्यांच्यासाठी अशी संस्था, अशी पेठ उभी राहायला हवी होती, आणि अजूनही राहू शकते. जाणत्या आज्या आहेत तोवर.

शिलाई यंत्राची गोष्ट इथे वेगळ्या चालीने चालली. फ्रान्समध्ये बार्थेलेमी थिमोनिए या शिंप्याने यंत्र बनवून लष्कराचे गणवेश शिवायला घेतले, तेव्हा 1831 मध्ये पॅरिसच्या शिंप्यांनीच जमावाने येऊन त्याची यंत्रं मोडून टाकली. पोट जाईल ही भीती. 1851 मध्ये अमेरिकेत सिंगरने पेटंट घेतलं आणि ते यंत्र जगभर गेलं. हिंदुस्थानात शिंप्यांनी ते मोडलं नाही. कर्ज काढून विकत घेतलं. यंत्रांचे कडवे टीकाकार असलेल्या गांधीजींनीही सिंगरच्या यंत्राला अपवाद केला होता, कारण ते घरात बसतं आणि माणसाचा कंटाळवाणा शीण कमी करतं. 1930 च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने उषा मशीन बाजारात आणलं, तेव्हापासून देशी यंत्रं मिळू लागली. ओसरीवर येणारा शिंपी पेठेत दुकान टाकून बसला, आणि त्याच्या पाटीवर ‘टेलर’ आला.

निजामी राज्यातल्या टेलराला एक कपडा आला नाही तर धंदा होत नसे. तो म्हणजे शेरवानी. तहसीलदार, वकील, शिक्षक, सगळ्यांचा तोच पोशाख, मग धर्म कोणताही असो. बंद गळा, पुढे बटणांची लांब ओळ, गुडघ्याखालपर्यंत सरळ उतरणारी बेतणी. खांदा जरा चुकला तर सगळा कपडा ओढला जातो. परभणीच्या पेठेतल्या हिंदू आणि मुसलमान दोन्ही शिंप्यांच्या हातात तो कट बसला. त्याच काळात खादीचा सदरा आणि पांढरी टोपी ही हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्याची खूण होती. अंगावर काय आहे यावरून माणूस कोणत्या बाजूचा ते कळायचं. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, शेरवानी कपाटात गेली आणि पायजमा-नेहरू शर्टाचे दिवस आले. खादीची परंपरा शेजारी नांदेडला टिकली: मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत आजही तिरंगे शिवले जातात आणि त्यांचं कापड उदगीरला विणलं जातं.

गावरानी कापसाचं काय झालं, ते परभणी शहरातच पाहायला मिळतं. इथे 1972 मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. 2013 पासून त्याला माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांचं नाव आहे, आणि नाईक स्वतः बंजारा समाजातले, हे इथे मुद्दाम नोंदवावंसं वाटतं. विद्यापीठाच्या महबूब बाग कापूस संशोधन केंद्रात निजामकाळापासून चालत आलेलं देशी कापसाचं काम चालू आहे. गिरण्यांना लांब धागा हवा म्हणून अमेरिकी कुळातला कापूस पसरला, मग संकरित वाण आले, 2002 नंतर बीटी आला, आणि देशी कापूस शेतांतून जवळजवळ पुसला गेला. परभणीच्या संशोधकांनी उलट दिशेने काम केलं: देशी झाडाचा चिवटपणा राखायचा आणि तंतू गिरणीला चालेल इतका लांब करायचा. ‘पीए’ मालिकेतले परभणी तुराब आणि विनायक हे वाण त्यातून आले. कोरडवाहू शेतकऱ्याला कमी फवारणीत साधणारं हे पीक आहे. बियाणं हवं तेवढं मिळालं आणि जिनात त्याला वेगळा भाव मिळाला तर ते परत येईल.

पेठेतल्या टेलरावर गेल्या पंचवीस वर्षांत तयार कपड्यांनी तोच प्रसंग आणला आहे जो एके काळी गिरणीने साळ्यावर आणला होता. जीन्सची उंची कमी करणं, चेन बदलणं, कंबर आत घेणं, अशा दुरुस्तीवर अनेक दुकानं चालतात. दिवाळीआधी महिनाभर ‘ऑर्डर बंद’ची पाटी लावणारे आता थोडे. बायकांच्या ब्लाउजचं काम मात्र घराघरांत गेलं आहे. पिको-फॉलची पाटी नाही अशी गल्ली परभणीत सापडायची नाही. अंगाच्या मापाचा कपडा अजूनही मापानेच शिवावा लागतो, आणि हे माप घेणारे हात आता बहुतेक बायकांचे आहेत.

त्या हातांवर 2024 मध्ये राज्यभराचं एक मोठं काम आलं. शाळकरी मुलांचे गणवेश शाळा पातळीवर शिवायची जुनी पद्धत बदलून सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आणली. कापड एका ठिकाणाहून आलं आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेली. कल्पना चांगली होती. बायकांना गावात रोजगार मिळणार होता. पण कापलेलं कापड उशिरा पोचलं, मापं ठरीव होती, आणि सहावीतलं एक पोर दुसऱ्याच्या दीडपट असतं हे त्या मापांना ठाऊक नव्हतं. अनेक शाळांत पावसाळा उलटला तरी गणवेश आले नाहीत, आले ते कुठे आखूड आणि कुठे ढगळ निघाले. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. आता मुख्याध्यापक गावातल्या किंवा तालुक्याच्या टेलरला बोलावतात, मुलं व्हरांड्यात रांगेने उभी राहतात, आणि खांदा, छाती, उंची एकेकाची मोजून वहीत उतरवली जाते.